के२७ची अँटिबॉडी के९ वाचते तेव्हा: हिस्टोनच्या खुणांचे ब्लॉट आणि चिप का फसतात

पेशींना ईझेडएच२चा इन्हिबिटर देऊन पाच दिवस झाले होते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन. त्यांतल्या एच३च्या २७व्या लायसिनवर (लायसिनचं अक्षर के, म्हणून के२७) तीन मिथिल गट चढवणारं, म्हणजे ट्रायमिथिल खूण लावणारं एन्झाइम तेच. ते बंद पडलं की के२७ ट्रायमिथिलचा बँड उतरायलाच हवा. ब्लॉट (प्रथिनं जेलवर वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडीनं शोधायची) मात्र असा निघाला की बघत राहावं: १७ किलोडाल्टनपाशी एकच ठसठशीत बँड, मागे डाग नाही की धूसरपणा नाही, आणि औषध दिलेल्या लेनमध्येही तितकाच ठसठशीत. औषध जुनं झालं असेल म्हणून नवं आणलं. तेच. डोस वाढवला. तेच. पेशींची दुसरी लाइन घेतली, तरी तेच. तीन आठवडे असे घालवल्यावर कुणीतरी विचारलं, "अँटिबॉडी तपासली होती का?" तपासली नव्हती. बाटलीवर नाव लिहिलेलं होतं ना!

ती अँटिबॉडी के२७ वाचत होती, पण के९, म्हणजे ९व्या लायसिनवरची तशीच खूण, त्याहून आवडीनं वाचत होती. के९वर त्या इन्हिबिटरचं काही चालत नाही, म्हणून बँड जागचा हलत नव्हता.

हिस्टोनच्या खुणांवर काम करताना हा त्रास रूपं बदलून येत राहतो. कधी बँडच येत नाही, कधी परवा आलेला आज गायब असतो, कधी अँटिबॉडीच्या नव्या लॉटबरोबर चिपची (अँटिबॉडीनं खूण असलेला डीएनए ओढून काढून ती खूण कुठे आहे ते बघण्याची पद्धत) पीकं भलतीकडेच सरकतात, कधी जिथे काहीच नसावं तिथेही सिग्नल दिसतो. माझ्या अनुभवात यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ नमुन्यात असतं आणि त्या एका दिवसात सुटतात. उरलेल्यांचं मूळ अँटिबॉडी नेमकं काय ओळखते यात असतं. म्हणून आधी नमुना बघा, मग अँटिबॉडी, आणि प्रोटोकॉलला सगळ्यात शेवटी हात लावा. आपण सगळे नेमके उलटे जातो: ब्लॉकिंगचा वेळ बदलतो, ट्वीन हा डिटर्जंट वाढवतो, रात्रभर ठेवून बघतो.

बँडच येत नाही

पेशी रिपा बफरमध्ये फोडल्या, सेंट्रिफ्यूज केल्या, वरचं स्वच्छ द्रव काढून घेतलं आणि तळाची गोळी फेकून दिली. एरवी हे ठीक. पण हिस्टोन त्या गोळीतच राहिलं आहे. आठ हिस्टोन रेणूंच्या गाभ्याभोवती डीएनएच्या १४७ बेसजोड्या घट्ट गुंडाळलेल्या असतात, आणि सौम्य बफरला ही गाठ सुटत नाही. पिपेटच्या टोकाला शेंबडासारखी तार येते ना, तीच तुमची क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोन यांची गुंफण. ती चिकट लागते म्हणून वैतागून टाकून देणारे मी पुष्कळ पाहिलेत (त्यात मीही होतो).

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अख्ख्या पेशी एसडीएस असलेल्या सॅम्पल बफरमध्ये घेऊन सोनिकेट करायच्या आणि उकळायच्या. झटपट काम होतं, रोजच्या तपासणीला पुरेसं आहे. दुसरा, केंद्रकं वेगळी करून ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ४ अंशांवर रात्रभर फिरवायची. हिस्टोनमध्ये लायसिन-आर्जिनिन भरपूर असल्यामुळे ती आम्लात विरघळतात, आणि डीएनए व बाकीची बहुतेक प्रथिनं खाली बसतात. नमुना स्वच्छ मिळतो. फक्त जेलवर घालण्यापूर्वी आम्ल मारायला विसरू नका. सॅम्पल बफर घातल्यावर निळा रंग पिवळा झाला तर समजा की आम्ल शिल्लक आहे. पीएच ८चा ट्रिस थेंबाथेंबानं घालत पुन्हा निळा होऊ द्या. पिवळा नमुना तसाच घातला की लेन वाकडीतिकडी पळते आणि आपण दोष जेलला देतो.

प्रथिन मोजतानाही एक खोच आहे. ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनिनला आणि थोडा लायसिनला चिकटतो, आणि हिस्टोनमध्ये दोन्ही रेलचेल. अल्ब्युमिनच्या स्टँडर्डवर वाचलेला आकडा म्हणून फुगलेला निघतो. मी आकड्यावर विसंबत नाही. दोन मायक्रोलिटर जेलवर चालवून कूमासीनं रंगवतो आणि डोळ्यांनी लेन जुळवतो.

पुढे ट्रान्सफर. एच३ सुमारे १५ किलोडाल्टनचं, पण जेलवर १७च्या जवळ दिसतं. एच४ तर ११चं. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून इतकं लहान प्रथिन आरपार निघून जाऊ शकतं. ०.२चं मेम्ब्रेन घ्या, जेल १५ टक्क्यांचं ठेवा, बफरमध्ये मेथेनॉल २० टक्के, आणि मोठ्या प्रथिनांसाठीचा लांबलचक वेळ इथे लावू नका. मग ब्लॉक करण्याआधी मेम्ब्रेनला पॉन्सोचा रंग लावून बघा. आम्लातून काढलेल्या नमुन्यात २० आणि १० किलोडाल्टनच्या मध्ये गुलाबी पायऱ्या दिसल्या पाहिजेत: वर एच३, मध्ये एच२बी आणि एच२ए जवळजवळ चिकटून, खाली एच४. त्या पायऱ्या दिसत नसतील तर अँटिबॉडीचा एक थेंबही खर्च करू नका.

पायऱ्या दिसतात आणि तरी बँड नाही? मग खूणच पुसली गेली असेल. मिथिल गट तुलनेनं टिकाऊ, पण असिटिल आणि फॉस्फेट नमुना तयार होताहोताच उतरवले जातात, कारण पेशी फुटली म्हणून तिच्यातली एन्झाइमं लगेच मरत नाहीत. असिटिलेशन बघायचं असेल तर ५ ते १० मिलिमोलर सोडियम ब्युटिरेट पहिल्या धुण्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक बफरमध्ये हवं. सिर्टुइन गटाच्या डिअसिटिलेजवर (असिटिल उतरवणारी एन्झाइमं) ब्युटिरेटचा इलाज चालत नाही, त्यासाठी निकोटिनामाइड लागतं. फॉस्फोरिलेशनसाठी सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट. आणि बाटली उघडून बघा, दुय्यम अँटिबॉडीच्या डब्यात कुणी सोडियम अझाइड तर घातलं नाही ना. अझाइड एचआरपीला (दुय्यम अँटिबॉडीला जोडलेलं, सिग्नल देणारं एन्झाइम) मारतं. हे कारण सापडतं तेव्हा हसू येतं, पण त्याआधी दोन दिवस गेलेले असतात.

खालच्या बाजूला एक जादा बँड

हे थोडक्यात. एच३च्या बँडखाली थोडा हलका दुसरा बँड दिसला तर तो कचराच असेल असं नाही. काही पेशींमध्ये एच३च्या एन-टोकाची, म्हणजे सुरुवातीच्या टोकाची, शेपटी खरोखर कापली जाते. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी विकसित होताना कॅथेप्सिन एल हे काम करतं, हे २००८मध्ये दाखवलं गेलं. याचा व्यवहारातला धडा लोडिंग कंट्रोलसाठी (सगळ्या लेनमध्ये नमुना सारखा पडला का ते दाखवणारा बँड) आहे: एकूण एच३ची अँटिबॉडी सी-टोकाविरुद्धची घ्या. एन-टोकाविरुद्धची घेतलीत तर कापलेला रेणू तिला दिसणार नाही, शिवाय त्या शेपटीवरच्या खुणा तिला अडवतील त्या वेगळ्याच. आणि आम्लातून काढलेल्या हिस्टोनसाठी जीएपीडीएच (पेशीद्रवातलं एक नेहमीचं प्रथिन) हा लोडिंग कंट्रोल कसा होईल? ते त्या नमुन्यात जवळजवळ नसतंच. तरीही तशी चित्रं अजून बघायला मिळतात.

एकाच नावाच्या चार अक्षरांचा घोळ

आता मूळ दुखणं. एच३च्या शेपटीचा क्रम डोळ्यांसमोर आणा. ९व्या लायसिनच्या भोवती अ‍ॅलानिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. २७व्या लायसिनच्या भोवती? अ‍ॅलानिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. ७ ते १० आणि २५ ते २८, दोन्हीकडे तीच चार अमिनो आम्लं त्याच क्रमानं. फरक आहे तो त्यांच्या बाहेर: ६व्या जागी थ्रिओनिन आणि २४व्या जागी अ‍ॅलानिन, ११व्या जागी थ्रिओनिन आणि २९व्या जागी पुन्हा अ‍ॅलानिन. अँटिबॉडीचा खळगा पाच-सहा अमिनो आम्लांवर बसतो. तो मधल्या चारांवरच घट्ट बसला तर त्याला दोन्ही पत्ते एकच वाटणार. ट्रायमिथिलचं असं होतं, असिटिलचं होतं आणि शेजारच्या सेरिन १० व सेरिन २८ यांच्या फॉस्फेटचंही होतं.

एच४ची शेपटी याहून फसवी. ५वं आणि १२वं लायसिन, दोन्हींच्या आधी ग्लायसिन आणि पुढे दोन ग्लायसिन. एच४चं आणि एच२एचं टोक तर पहिली पाच अक्षरं सारखीच घेऊन सुरू होतं. म्हणून एच४के५ असिटिलची अँटिबॉडी घेतली की तिची परीक्षा के१२च्या पेप्टाइडवर (हिस्टोनच्या शेपटीचा मुद्दाम बनवलेला छोटा तुकडा) केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

तिसरा प्रकार एकाच लायसिनवरच्या मिथिलांच्या संख्येचा. एक, दोन आणि तीन मिथिल गट यांत अँटिबॉडीला दिसणारा फरक फार बारीक. के४ ट्रायमिथिल प्रमोटरवर (जनुक सुरू होतं ती जागा) असतं, मोनोमिथिल (एकच मिथिल) एन्हान्सरवर (जनुकाला दुरून चालना देणारी जागा), आणि पेशीत मोनोमिथिल ट्रायमिथिलपेक्षा कितीतरी जास्त. इथे एक हिशोब ध्यानात ठेवायचा: सिग्नल म्हणजे पसंती गुणिले मुबलकता. अँटिबॉडी मोनोमिथिलला वीस पट कमी पसंत करत असली, पण मोनोमिथिल वीस पट जास्त असलं, तर निम्मा सिग्नल परक्याचा. एन्हान्सरवर के४ ट्रायमिथिल सापडल्याचा आनंद होतो तेव्हा हा गुणाकार एकदा करून बघावा.

हे दुखणं माझ्या एकट्याच्या फ्रीझरचं नाही. २०११मध्ये माश्या, सूत्रकृमी आणि मानवी पेशींवर ५७ खुणांसाठीच्या २००हून अधिक अँटिबॉड्या तपासल्या गेल्या. पाव हिश्श्याहून जास्त डॉट ब्लॉट (टिपक्यांची परीक्षा, ती पुढे येते) किंवा वेस्टर्नमध्येच (जेलचा नेहमीचा ब्लॉट) नापास झाल्या, आणि ज्या नेमक्या निघाल्या त्यांतल्या २० टक्क्यांहून जास्त पुढे चिपमध्ये चालल्या नाहीत. दुसऱ्या आकड्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. ब्लॉटमध्ये उत्तीर्ण म्हणजे चिपमध्ये उत्तीर्ण नव्हे.

एका दुपारचा डॉट ब्लॉट

नायट्रोसेल्युलोजचा तळहाताएवढा तुकडा घ्या आणि पेन्सिलीनं चौकटी आखा. बॉलपेन नको, शाई पसरते. उभ्या रांगांत पेप्टाइडं: बिनखुणेचं १ ते २० आणि बिनखुणेचं २१ ते ४४, के९ डायमिथिल, के९ ट्रायमिथिल, के२७ डायमिथिल, के२७ ट्रायमिथिल, आणि एक भलतंच, म्हणजे के४ ट्रायमिथिल. आडव्या रांगांत प्रमाण: १००, ३०, १०, ३ आणि १ नॅनोग्रॅम. प्रत्येक टिपका १ मायक्रोलिटरचा, टोक मेम्ब्रेनला न घासता. पूर्ण सुकू द्या. मग ब्लॉक करून ज्या डायल्यूशनला नेहमीचा ब्लॉट करता त्याच डायल्यूशनला अँटिबॉडी लावा. जास्त पातळ करून "नेमकी" असल्याचं प्रमाणपत्र मिळवण्यात अर्थ नाही.

वाचायचं असं. के२७ ट्रायमिथिलच्या ३ नॅनोग्रॅमच्या टिपक्याइतका गडद टिपका के९ ट्रायमिथिलच्या रांगेत कुठे येतो? १०० नॅनोग्रॅमपाशी येत असेल तर पसंती साधारण तीस पट. १०पाशीच येत असेल तर ती अँटिबॉडी के२७ची म्हणू नका. आमच्या त्या बाटलीचं काय झालं? के९ची रांग के२७च्या आधी काळी झाली. फिल्म बाहेर आली तेव्हा कुणी काही बोललं नाही.

यात एक फसगत आहे. लहान पेप्टाइडं नायट्रोसेल्युलोजला सारखी चिकटत नाहीत. टिपका दिसला नाही याचा अर्थ अँटिबॉडीनं ओळखलं नाही असाच होत नाही. कदाचित पेप्टाइडच धुऊन गेलं. बायोटिन लावलेली पेप्टाइडं घेतली तर तशाच दुसऱ्या तुकड्यावर बायोटिनला पकडणारं, एचआरपी जोडलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन लावून सगळे टिपके जागेवर आहेत का ते कळतं. हा दुसरा तुकडा टाळू नका.

पेप्टाइड स्पर्धेबद्दल थोडं चिडून लिहितो. अँटिबॉडी के२७ ट्रायमिथिलच्या पेप्टाइडबरोबर अर्धा तास ठेवली, मग ब्लॉटवर लावली, बँड गेला, आणि निष्कर्ष: अँटिबॉडी नेमकी आहे. अहो, के९ वाचणारी अँटिबॉडीसुद्धा त्याच खळग्यानं के२७चं पेप्टाइड पकडणार, मग तिचा बँडही जाणारच! खरी परीक्षा दुसऱ्या नळीत असते: के९ ट्रायमिथिलच्या पेप्टाइडबरोबर ठेवली तरी बँड टिकला पाहिजे. आणि तिसरी नळी बिनखुणेच्या पेप्टाइडची, तिथेही टिकला पाहिजे. पहिल्या नळीपाशी थांबलेली आकृती काहीच सिद्ध करत नाही.

पेप्टाइड म्हणजे पूर्ण हिस्टोन नव्हे. म्हणून जेलवर दोन फुकटच्या साक्षीदार लेन घालतो. एक, जिवाणूत बनवलेलं एच३. त्यावर यातली एकही खूण नसते. तिथे बँड आला तर अँटिबॉडी नुसतं एच३ वाचते आहे. दुसरी लेन बेकर्स यीस्टची. तिच्या एच३मध्ये तीच चार अक्षरं दोन्ही ठिकाणी आहेत, पण के९ आणि के२७ यांचं मिथिलेशन या यीस्टमध्ये होतच नाही. होतं ते के४, के३६ आणि के७९चं. म्हणजे के९ किंवा के२७च्या मिथिलची अँटिबॉडी या लेनमध्ये गप्प बसली पाहिजे, आणि के४ ट्रायमिथिलची बोलली पाहिजे. के४वर मिथिल लावणारं सेट१ जनुक काढलेलं यीस्ट मिळालं तर के४चीही निगेटिव्ह लेन तयार.

मानवी पेशीत पुरावा हवा असेल तर ईईडी (ईझेडएच२चं साथीदार प्रथिन) किंवा ईझेडएच२वर घाव घाला, पण सबुरीनं. इन्हिबिटर खूण खरवडून काढत नाही, नवी लावू देत नाही. जुनी खूण पेशी विभागताना नव्या हिस्टोनमध्ये वाटली जाऊन पातळ होत जाते. म्हणून चोवीस तासांनी बँड तसाच असेल तर अँटिबॉडीवर आळ घेऊ नका. चार-पाच दिवस, दोन-चार विभाजनं होऊ द्या. असिटिलेशनचं उलट. डिअसिटिलेजचा इन्हिबिटर दिला की काही तासांत बँड फुगतो.

खूण आहे, पण शेजारी आडवा येतो

अँटिबॉडी नेमकी, नमुना चांगला, तरी सिग्नल पडतो. पेशी नोकोडॅझोल देऊन विभाजनाच्या अवस्थेत अडवल्या आणि के९ ट्रायमिथिल कोसळलं. निष्कर्ष काय काढाल? विभाजनात मिथिल उतरतं? उतरत नाही. विभाजनात ऑरोरा बी किनेज शेजारच्या सेरिन १०वर फॉस्फेट चढवतं, आणि तो अवजड, ऋण भाराचा गट के९वर झुकणाऱ्या अँटिबॉडीला जागाच देत नाही. पेशीतल्या खऱ्या वाचकाचंही हेच होतं: एचपी१ हे प्रथिन के९ ट्रायमिथिलवर बसतं, आणि सेरिन १०वर फॉस्फेट आलं की सुटतं, जरी खालचं मिथिल जागेवरच असलं तरी. २००५मध्ये हे नीट उलगडलं. पण एचपी१चं सुटणं हे पेशीतलं सत्य आहे, आणि आपल्या ब्लॉटवरचा पडलेला बँड हा नुसता भास.

अशा जोड्या ओळखून ठेवाव्या: के९ आणि सेरिन १०, के२७ आणि सेरिन २८, के४ आणि त्याच्या आधीचे थ्रिओनिन ३ व आर्जिनिन २. तुमच्या प्रयोगात या शेजाऱ्यांपैकी कुणी बदलतो आहे का, हा प्रश्न आधी विचारा. शंका आली तर मेम्ब्रेनच फॉस्फेटेजमध्ये बुडवा, आणि बाजूला फॉस्फेटेज न घातलेला जुळा तुकडा ठेवा. फॉस्फेटेजमध्ये बुडवलेल्यावरच सिग्नल परत आला तर खूण होतीच, फक्त झाकलेली होती. किंवा दोन पेप्टाइडं मागवा, एकावर फक्त के९ ट्रायमिथिल, दुसऱ्यावर त्याच्याबरोबर सेरिन १०वर फॉस्फेट, आणि दोन्हींवर डॉट ब्लॉट करा.

शेजारी नेहमी अडवतोच असंही नाही, कधी ओढूनही आणतो. एच४च्या असिटिल अँटिबॉड्यांपैकी काही एकट्या असिटिलकडे फारसं बघत नाहीत, पण लागोपाठ दोन-तीन लायसिनांवर असिटिल असलं की कडकडून मिठी मारतात. मग "के५चं असिटिलेशन वाढलं" असं आपण लिहितो, आणि प्रत्यक्षात वाढलेलं असतं ते के८चं.

सूक्ष्मदर्शकाखाली हाच घोळ डोळ्यांनी दिसतो. के९ ट्रायमिथिल रंगवलेल्या स्लाइडवर सगळी केंद्रकं उजळ आणि मधेच एक-दोन विभाजनातल्या पेशी काळ्या दिसल्या, की कारण बहुधा हेच. उलट सेरिन १०च्या फॉस्फेटची अँटिबॉडी विभाजनातल्या पेशींतच लखलखली पाहिजे. ती सगळ्या केंद्रकांत सारखी पसरलेली दिसली तर तिला ठेवून द्या.

चिप: बँड बरोबर, पीक चूक

क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे आपल्या चिपमध्ये, आणखी एक गोष्ट मधे येते. फॉर्माल्डिहाइड लायसिनलाच पकडतं, आणि आपल्याला वाचायचंही लायसिनच. १ टक्का, १० मिनिटं, मग १२५ मिलिमोलर ग्लायसिन. याच्या पुढे गेलात तर अँटिबॉडीची जागा गोंदानं भरल्यासारखी होते आणि तुकडेही नीट पडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर हिस्टोनसाठी क्रॉसलिंक करण्याची गरज पुष्कळदा नसतेच. हिस्टोन डीएनएला आपणहून धरून असतं. मायक्रोकॉकल न्यूक्लिएजनं एक-एक न्यूक्लिओसोम (हिस्टोनचा गाभा आणि त्याभोवतीचा डीएनए) सुटा करून नेटिव्ह चिप करा. मला तरी कमकुवत अँटिबॉडीही तिथे बरी वागताना दिसते.

नियंत्रण कोणती ठेवायची? आयजीजी (कोणतीच खूण न ओळखणारी साधी अँटिबॉडी) सगळे ठेवतात, पण आयजीजी फक्त अँटिबॉडी पकडणाऱ्या मण्यांना काय चिकटतं तेवढंच सांगतं. अँटिबॉडी चुकीच्या खुणेवर बसली तर आयजीजी शांतच राहील. म्हणून जागा निवडून ठेवा. के४ ट्रायमिथिलसाठी जीएपीडीएचचा प्रमोटर पॉझिटिव्ह. के२७ ट्रायमिथिलसाठी तोच निगेटिव्ह, आणि पॉझिटिव्ह म्हणून त्या पेशीत बंद असलेलं हॉक्स जनुक. के२७च्या अँटिबॉडीवर के९चा संशय असेल तर सॅटेलाइट पुनरावृत्तीचा (डीएनएचा तोच तो क्रम पुन्हापुन्हा येणारी जागा) एक प्रायमर घाला. तिथे के९ ट्रायमिथिल मुबलक असतं. तिथे के२७ची "अँटिबॉडी" उड्या मारायला लागली की चोर सापडला. माझ्या मते आयजीजीपेक्षा हा एक प्रायमर जास्त बोलतो. (एकूण एच३ची चिप बाजूला ठेवलीत तर जिथे न्यूक्लिओसोमच कमी आहेत ती जागाही कळते.)

हिशोबात होणारी चूक इतकी वरचेवर दिसते की आकडे मांडूनच दाखवतो. इनपुट (चिपआधी बाजूला काढलेलं क्रोमॅटिन) १ टक्का घेतलं होतं आणि त्याची सीटी (पीसीआरच्या कितव्या चक्राला सिग्नल दिसला तो आकडा) आली २७.६. शंभर पट भरपाई म्हणून ६.६ वजा करा, २१.० उरले. पॉझिटिव्ह जागी चिपची सीटी २५.०, फरक ४, म्हणजे सोळावा हिस्सा, इनपुटच्या ६.२५ टक्के. निगेटिव्ह जागेच्या इनपुटची सीटीही तेवढीच धरा. तिथे चिपची सीटी ३१.०, फरक १०, म्हणजे जेमतेम ०.१ टक्का. चौसष्ट पट अंतर, झकास. पण निगेटिव्ह जागीच ३ टक्के येत असेल, तर पॉझिटिव्ह जागचे ६ टक्के कौतुकाचे नाहीत. आधी अँटिबॉडी कमी करून बघा. सिग्नल कमी म्हणून अँटिबॉडी वाढवायची ही आपली सवय इथे उलटते: खऱ्या जागा भरल्या की उरलेली अँटिबॉडी दुय्यम पसंतीच्या जागांवर जाऊन बसते. तेवढंच क्रोमॅटिन आणि ०.५, १, २, ४ मायक्रोग्रॅम अशा चार नळ्या लावा, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधलं गुणोत्तर जिथे सगळ्यात मोठं तो डोस ठरवा. सगळ्यात जास्त डीएनए जिथे निघतं तो नव्हे.

मणी निवडतानाही एकदा बघा. सशाची अँटिबॉडी प्रोटीन एवर छान बसते, उंदराची आयजीजी१ तिथे धड बसत नाही, तिला प्रोटीन जी हवं. कट-अँड-रन आणि कट-अँड-टॅगमध्ये (अँटिबॉडी बसते तिथेच डीएनए कापणाऱ्या, चिपच्या पर्यायी पद्धती) एन्झाइम प्रोटीन एला जोडलेलं असेल तर उंदराच्या अँटिबॉडीवर आधी सशाची दुय्यम अँटिबॉडी चढवावी लागते. आणि कट-अँड-टॅगमध्ये प्रत्येक खूण उघड्या क्रोमॅटिनवरच दिसायला लागली, के२७ ट्रायमिथिलसुद्धा, तर अँटिबॉडीला बोल लावण्याआधी मीठ बघा. टीएन५ला, म्हणजे कट-अँड-टॅगमधल्या कापणाऱ्या एन्झाइमला, उघड्या जागांची ओढ असते. ३०० मिलिमोलर मिठाचं धुणं त्यासाठीच आहे.

सीक्वेन्सिंगला पाठवणार असाल आणि औषधानं खूण सगळीकडूनच उतरण्याची शक्यता असेल, तर आधीच माशीचं क्रोमॅटिन ठरलेल्या प्रमाणात मिसळा. नाहीतर दोन्ही नमुन्यांची रीडसंख्या सारखी करताना तुम्ही तो उतार स्वतःच्या हातानं सपाट कराल. पैशाची सोय असेल तर बारकोड असलेले, ठरावीक खुणांचे न्यूक्लिओसोम मिसळणं आणखी चांगलं, कारण अँटिबॉडीनं त्याच नळीत, त्याच दिवशी कोणती परकी खूण किती ओढली ते थेट मोजता येतं. २०१८मध्ये के४च्या नेहमीच्या वापरातल्या अँटिबॉड्या अशा मोजल्या तेव्हा त्यांतल्या कितीतरी डळमळीत निघाल्या, आणि पेप्टाइडवरचे गुण चिपमधल्या वागण्याशी फारसे जुळले नाहीत. वरचा डॉट ब्लॉट म्हणूनच चाळणी समजा. त्यात नापास झालेली टाकून द्यायची, उत्तीर्ण झालेलीला पुढची परीक्षा द्यायची.

नवा लॉट

परवापर्यंत चालत होतं, आज नाही, आणि मधे फक्त नवी बाटली उघडली? पॉलिक्लोनल असेल तर ती वेगळ्या सशाची किंवा त्याच सशाच्या वेगळ्या दिवसाच्या रक्ताची असू शकते, म्हणजे वस्तूच वेगळी. कॅटलॉग क्रमांक तोच राहतो, लॉट क्रमांक बदलतो, आणि वहीत आपण फक्त कॅटलॉग क्रमांक लिहिलेला असतो. जुना लॉट संपायच्या आत त्यातले वीस मायक्रोलिटर बाजूला ठेवा आणि नवा लॉट त्याच मेम्ब्रेनच्या दुसऱ्या अर्ध्यावर, त्याच दिवशी लावा. रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल मिळत असेल तर तीच घ्या. तिचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे लॉट बदलल्याचा धक्का कमी. पण ती नेमकीच असेल असं मात्र नाही. चुकीचं वाचणारी रिकॉम्बिनंट अँटिबॉडी प्रत्येक लॉटला तितकंच चुकीचं वाचते.

बाटली आली की छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नका, आणि नळीवर खुणेच्या नावाबरोबर लॉट क्रमांक लिहा.

त्या पहिल्या अँटिबॉडीच्या उरलेल्या नळ्या आमच्या फ्रीझरमध्ये अजून आहेत. झाकणावरचं "के२७" खोडून कुणीतरी "के९ आणि थोडं के२७" असं लिहून ठेवलंय. नवीन आलेल्या मुलांना डॉट ब्लॉट शिकवताना आम्ही तीच काढतो, आणि टिपके काळे होईपर्यंत झाकण त्यांना दाखवत नाही.